जुन्या औषधांची नवी चाकरी

सन २०१० च्या ऑगस्ट महिन्यात ‘लॅन्सेट’ या ख्यातनाम वैद्यकीय नियतकालिकाच्या सांसर्गिक रोगांना वाहिलेल्या आवृत्तीत एक निबंध प्रसिद्ध झाला, आणि आपल्याकडील वृत्तपत्रांतून त्याच्यावर मोठे वादळ माजले. चेन्नई येथील रुग्णांपासून मिळालेल्या जंतूंच्या ४४ नमुन्यांत व हरियाणातील २६ नमुन्यांत एक विशिष्ट विकर आढळले असून त्याच्या जोरावर हे जंतू कार्बापेनेम वर्गातील औषधे निकामी करून टाकतात, असे त्या निबंधात दाखविले होते. कार्बापेनेम म्हणजे इस्पितळांची राखीव शिबंदी. बाकीचे सारे उपाय थकले म्हणजे ती बाहेर काढावयाची. तीच जर निकामी ठरू लागली तर साध्या शस्त्रक्रियेनंतरची जखम, मूत्रमार्गाचा दाह किंवा अपुऱ्या दिवसांच्या बालकाचा ताप हाही जिवावर बेतू शकतो. परंतु त्या विकराच्या नावात ‘न्यू डेल्ही’ हे दोन शब्द होते आणि वाद झाला तो मुख्यतः त्या नावावरून. राष्ट्राच्या अब्रूचा प्रश्न पुढे आला व रोग्याच्या जिवाचा प्रश्न थोडा मागे पडला.

त्या निबंधातील एका तपशिलाकडे मला श्रोत्यांचे लक्ष वेधावयाचे आहे. त्यातील बहुतेक जंतूंवर जी दोन औषधे अद्याप लागू पडत होती त्यांपैकी एक होते कोलिस्टिन. हे औषध काही नवे नव्हे. १९४९-५० च्या सुमारास जपानात मातीतील एका जीवाणूपासून ते मिळविण्यात आले. पुढे ते मूत्रपिंडांना व मज्जातंतूंना अपाय करते असे दिसून आल्यावर डॉक्टरांनी त्याला जवळजवळ सेवानिवृत्त केले. माणसांना नकोसे झालेले हे औषध कोंबड्यांच्या खुराड्यांत मात्र खुशाल वापरले जात राहिले. अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांना ते देण्यावर आपल्या सरकारने बंदी घातली ती २०१९ साली. म्हणजे एकविसाव्या शतकातील सर्वांत हट्टी जंतूंशी लढण्यासाठी आपल्याला विसाव्या शतकाच्या मध्यावरील एका निवृत्त शिपायाला परत बोलवावे लागले.

नवी औषधे का निघत नाहीत, असे कोणीही विचारील. निघतात, पण फार थोडी. एक नवे प्रतिजैविक प्रयोगशाळेतून औषधाच्या दुकानापर्यंत यावयास दहा वर्षे सहज लागतात, खर्च अफाट होतो, आणि शेवटी ते औषध रोगी आठवडाभर घेतो व बरा होतो. त्यातही, ते जितके चांगले तितके जपून वापरावे असा वैद्यांचा आग्रह. जे कमी विकावे असाच सल्ला सर्वत्र दिला जातो त्या मालाचा कारखाना कोण काढणार? मोठमोठ्या कंपन्या या क्षेत्रातून एकामागून एक बाहेर पडल्या त्याचे कारण हेच. म्हणून संशोधकांची दृष्टी आता जुन्या फळीकडे वळली आहे. दुसऱ्याच एखाद्या रोगासाठी बनविलेले, माणसाच्या शरीरात कसे वागते हे ज्याच्याविषयी आधीच ठाऊक आहे, असे औषध जंतूंवर चालेल काय, हे पाहण्याचा उद्योग जगभर चालू आहे.

ही कल्पना फार नवी आहे असे मात्र कोणी समजू नये. तिच्या इतिहासातील दोन मोठी प्रकरणे त्याच चेन्नईच्या परिसरात लिहिली गेली आहेत. तेव्हा तिचे नाव मद्रास होते. ज्या पदार्थांची मी हकीकत सांगणार आहे ते शास्त्राच्या काटेकोर भाषेत प्रतिजैविके नव्हेत, कारण ते बुरशीने किंवा जीवाणूने निर्माण केलेले नसून रसायनशाळेत घडविलेले आहेत. पण जंतूचा नाश करणारे औषध या रूढ अर्थाने आपण त्यांना त्याच पंक्तीत बसवू.

मद्रासच्या दक्षिणेस सुमारे पंचावन्न किलोमीटरवर चिंगलपट, आजचे चेंगलपट्टू, हे गाव आहे. त्याच्याजवळ तिरुमणी येथे १९२४ च्या सुमारास ‘लेडी विलिंग्डन लेप्रसी सॅनेटोरियम’ स्थापन झाले. महारोग हा शब्द आपण आता टाकून दिला आहे व कुष्ठरोग म्हणतो, ते योग्यच झाले. परंतु त्या काळी त्या रोगाचे भय जुन्या शब्दातच खरे व्यक्त होत असे. औषध एकच होते, चौलमुग्राचे तेल. आपल्या कोकणात व घाटात ज्याला कडू कवठ म्हणतात तो वृक्ष याच जातीचा. सुश्रुताने पश्चिम समुद्राच्या काठी वाढणाऱ्या तुवरकाचा उल्लेख केला आहे तो हाच, असे अभ्यासक मानतात. म्हणजे सुमारे दोन हजार वर्षे रोग तोच, तेलही तेच! फरक एवढाच झाला की, पूर्वी ते पोटात घेत, त्याने मळमळ फार होई, म्हणून पुढे ते सुईने टोचू लागले. टोचण्याने गळवे होत. रोगी वर्षानुवर्षे टोचून घेत राहत, आणि बरे होत किती, हे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नसे.

आता थोडा वेळ जर्मनीत जाऊ. १९०८ साली फ्रायबुर्ग विद्यापीठातील एमिल फ्रोम व याकोब व्हिटमान या दोन रसायनशास्त्रज्ञांनी एक पदार्थ तयार केला. तो काळ रंगांच्या रसायनशास्त्राचा होता. या पदार्थापासून कोणाचा रोग बरा व्हावा अशी अपेक्षा त्यांच्या मनात नव्हती. त्याची कृती छापली गेली आणि तो पदार्थ विस्मृतीत गेला. मध्यंतरी सल्फा औषधांचा शोध लागला आणि त्यांच्या कुळातील इतर पदार्थ पुन्हा तपासले जाऊ लागले. १९३७ साली इंग्लंडात बटल यांनी व पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये फूर्नो यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, हा जुना पदार्थ उंदरांना देऊन पाहिला. मालाकार जंतूंवर तो सल्फापेक्षा कितीतरी प्रभावी ठरला. पण तो विषारीही तितकाच होता. माणसाला सल्फाच्या हिशेबाने मोठाल्या मात्रेत तो देऊन पाहिल्यावर रक्तावर वाईट परिणाम झाले आणि ‘माणसाला अयोग्य’ असा शेरा त्याच्यावर बसला. यालाच आपण आज डॅप्सोन म्हणतो.

शेरा मारला की फाईल बंद होते, हे शासकीय नोकरीत उमेदवारी केलेल्या कोणालाही सांगावयास नको. पण ही फाईल दोन वाटांनी उघडी राहिली. पहिली वाट अमेरिकेची. तेथे डॅप्सोनला शर्करेची जोड देऊन प्रोमिन नावाचा सौम्य पदार्थ करण्यात आला. तो क्षयासाठी प्राण्यांवर तपासला गेला होता. क्षयाचा जंतू व कुष्ठाचा जंतू हे सख्खे चुलत, या एका धाग्यावर विसंबून गाय फॅजे या डॉक्टरने १९४१ मध्ये लुइझियाना प्रांतातील कार्व्हिल येथील कुष्ठालयात प्रोमिन शिरेतून देण्यास आरंभ केला. व्रण भरून आले. इतिहासात प्रथमच या रोगाला माघार घ्यावी लागली. पण प्रोमिन महाग, आणि रोज शिरेतून टोचणे हे अमेरिकेच्या सरकारी इस्पितळास जमेल. खेड्यापाड्यांत पसरलेल्या आपल्या लाखो रोग्यांना ते कसे परवडावे?

दुसरी वाट गोठ्यातून गेली. माणसाला अयोग्य ठरलेला डॅप्सोन गायींच्या कासदाहावर, म्हणजे शेतकरी ज्याला दगडी म्हणतात त्या दुखण्यावर, वापरला जात होता. चिंगलपटशी दीर्घकाळ निगडित असलेले डॉक्टर रॉबर्ट कॉक्रेन यांनी असा विचार केला की, प्रोमिन शरीरात गेल्यावर त्यातून शेवटी डॅप्सोनच सुटत असेल तर महागड्या वेष्टनासाठी पैसे का मोजावे? गायीला जे चालते ते माणसाला बेताने का देऊ नये? १९४६ च्या सुमारास त्यांनी डॅप्सोन तेलात खलून आपल्या रोग्यांना टोचण्यास सुरुवात केली. मूळ डॅप्सोन कुष्ठावर देण्याचा हा जगातील पहिला पद्धतशीर प्रयत्न म्हणून मानला जातो. एक परदेशी वैद्य, जर्मन रंगशास्त्राचे अपत्य, गायीचे औषध आणि दक्षिण भारतातील निर्धन रोगी, असे हे चमत्कारिक संमेलन तेथे घडून आले.

कॉक्रेनची मात्रा अजून जास्तच होती. ती खाली आणली जॉन लोव यांनी. हेही आपल्या परिचयाचे गृहस्थ. निजामाबादजवळच्या डिचपल्लीत व पुढे कलकत्त्यास त्यांनी कुष्ठरोगाचे काम केले होते. नंतर ते नायजेरियात गेले आणि तेथे १९४९ पर्यंत त्यांनी दाखवून दिले की, दिवसाकाठी शंभर-दोनशे मिलिग्रॅम डॅप्सोन गोळीच्या रूपाने पोटात दिले तरी काम भागते. सुई नको, तेल नको, गळू नको. ज्या पदार्थाला विष म्हणून बाजूला सारले होते त्याची केवळ मात्रा चुकली होती. ती सुधारली तेव्हा त्याची किंमतही इतकी खाली आली की, औषधाच्या खर्चापेक्षा ते पोहोचविणाऱ्या माणसाच्या प्रवासाचा खर्च अधिक व्हावा.

याचा परिणाम महाराष्ट्रात विशेष दिसला. वर्ध्याजवळ दत्तपूर येथे १९३६ पासून मनोहरजी दिवाण कुष्ठसेवेचे काम करीत होते. अमरावतीस डॉक्टर शिवाजीराव पटवर्धनांचे तपोवन उभे राहिले. वरोऱ्यास बाबा आमट्यांची ‘महारोगी सेवा समिती’ १९४९ मध्ये स्थापन झाली. या थोर माणसांनी रोग्याला आश्रय व मान दिला. पण गोळी हाती आल्यावर एक निराळाच प्रश्न विचारता येऊ लागला: रोग्याला घराबाहेर काढावेच का? १९५१ साली वर्ध्यास ‘गांधी स्मारक कुष्ठरोग निधी’ स्थापन झाला आणि तिचे सूत्रधार डॉक्टर वार्डेकर यांनी सर्वेक्षण, लोकशिक्षण व उपचार अशी त्रिसूत्री आखली. कार्यकर्त्याने घरोघर जाऊन चट्टे पाहावे, गावकऱ्यांना समजावून सांगावे, आणि रोग्याला त्याच्या ओसरीवर गोळी द्यावी. १९५५ मध्ये सुरू झालेला राष्ट्रीय कुष्ठनियंत्रण कार्यक्रम याच धर्तीवर चालला. त्याच वर्षी चिंगलपटचे सॅनेटोरियम केंद्र सरकारने आपल्याकडे घेऊन तेथे केंद्रीय कुष्ठरोग अध्यापन व संशोधन संस्था निर्माण केली. ती आजही तिरुमणीत आहे.

येथेच गोष्ट संपती तर ती फार गोड झाली असती.

डॅप्सोन एकटेच देण्यात आले. वर्षामागून वर्षे, कोट्यवधी गोळ्या, आणि सोबतीला दुसरे काही नाही. गोळी स्वस्त होती, निरुपद्रवी वाटत होती, आणि कुष्ठाचा जंतू इतका मंद, बारा-चौदा दिवसांनी एकदा दुभागणारा, की त्याच्याकडून बंडाची भीती कोणास वाटली नाही. शिवाय त्याची एक अडचण अशी की, तो प्रयोगशाळेच्या बशीत वाढतच नाही. त्यामुळे त्याला औषध लागू पडेनासे झाले आहे की रोग्याने गोळी घेतलेली नाही, हे ठरविण्यास साधनच नव्हते. १९६० मध्ये अमेरिकेत शेपर्ड यांनी उंदराच्या तळपायात हा जंतू वाढवून दाखविला, आणि चारच वर्षांनी, १९६४ साली, मलायातील रोग्यांच्या जंतूंवर हीच कसोटी लावून पेटिट व रीस यांनी निर्विवाद सिद्ध केले की, डॅप्सोनला न जुमानणारे जंतू निपजले आहेत. पुढील काळात तर ज्यांनी कधी डॅप्सोन घेतलेच नव्हते अशा नव्या रोग्यांतही ते सापडू लागले. वीस वर्षांची मेहनत पाण्यात जाण्याची वेळ आली. यात रोग्यांना दोष देण्याची प्रवृत्ती तेव्हाही होती, आजही आहे. माझ्या मते ती अन्यायाची आहे. एकाच औषधावर सारी भिस्त ठेवण्याचा निर्णय रोग्यांनी घेतलेला नव्हता.

आणि हे टाळता आले असते, असे म्हणावयास आधार आहे. कारण याच सुमारास चिंगलपटपासून तास-दीड तासाच्या अंतरावर, खुद्द मद्रास शहरात, नेमका उलट धडा गिरविला जात होता.

तेथील औषधाची कुळकथाही अशीच आहे. १९१२ साली प्रागच्या जर्मन विद्यापीठात हान्स मायर व योझेफ माली यांनी आयसोनियाझिड हा पदार्थ तयार केला. तोही फळीवर गेला. चाळीस वर्षांनी, १९५१-५२ मध्ये, तीन बड्या औषधकंपन्यांना जवळजवळ एकाच वेळी कळून आले की, क्षयाच्या जंतूंवर याच्यासारखे दुसरे अस्त्र नाही. तिघींनीही एकस्वासाठी धाव घेतली असणार. परंतु पदार्थाची कृती १९१२ सालीच छापून गेलेली! एकस्व कोणालाच मिळेना. दोन विस्मृत रसायनशास्त्रज्ञांच्या त्या निबंधामुळे जगातील गरिबांना क्षयावरील औषध जवळजवळ मातीमोलाने मिळाले.

१९५६ साली मद्रासमध्ये क्षयरोग औषधोपचार केंद्र सुरू झाले. भारतीय वैद्यक संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यक संशोधन परिषद अशा चौघांचा तो संयुक्त प्रपंच होता, आणि त्याचे आरंभीचे सूत्रसंचालन डॉक्टर वॉलेस फॉक्स यांच्याकडे होते. क्षयाला सॅनेटोरियम हवे, हा त्या काळचा दृढ समज होता. मिरजेचे वानलेस सॅनेटोरियम आपल्या ऐकण्यात आहेच. मद्रासच्या उपनगरी रेल्वेवर तर ‘तांबरम सॅनेटोरियम’ नावाचे स्थानकच आहे. पण खाटा मूठभर आणि रोगी लक्षावधी. केंद्राने शहरातील गरीब वस्त्यांतून १९३ रोगी घेतले, चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे त्यांचे दोन गट पाडले, अर्ध्यांना सॅनेटोरियममध्ये पाठविले व अर्ध्यांना त्यांच्याच दाटीवाटीच्या घरात ठेवले. औषधे दोघांनाही तीच, वर्षभर. १९५९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: सॅनेटोरियममधील सुमारे ९२ टक्के व घरचे ८६ टक्के रोगी जंतुमुक्त झाले. सॅनेटोरियममध्ये विश्रांती होती, सकस आहार होता, मोकळी हवा होती. घरच्यांना यांपैकी काहीच नव्हते. आणि घरातील इतर माणसांना रोग अधिक लागला काय, तर तसेही आढळले नाही. जगभरच्या सॅनेटोरियमांची दारे बंद होण्यास ज्या कारणांनी हातभार लावला त्यांत या मद्रासच्या निबंधाचे स्थान फार वरचे आहे.

पण मला महत्त्वाची वाटते ती दुसरी बाब. येथे आयसोनियाझिड एकटे दिले नव्हते. सोबत पीएएस होते. ऍस्पिरिनच्या कुळातील हा पदार्थ क्षयावर चालेल असे भाकीत स्वीडनमध्ये लेमान यांनी १९४० नंतरच्या काही वर्षांत केले व ते खरे ठरले होते. पीएएस घेणे ही शिक्षाच असे. दिवसाला कित्येक ग्रॅम कडवट भुकटी, आणि पोट बिघडणार हे ठरलेले. ते वगळून केवळ आयसोनियाझिड द्यावे हा मोह साहजिक होता. केंद्राने त्या मोहाचीही परीक्षा घेतली. केवळ आयसोनियाझिडच्या तीन पद्धती आणि पीएएसची जोड असलेली एक, अशी तुलना करून १९६० मध्ये त्यांनी जाहीर केले की, जोडीनेच रोग हटतो. एकट्याने दिल्यास जंतू शिरजोर होतात. रोगी औषध घेतो की नाही हे पाहण्यासाठी कार्यकर्ते अवचित घरी जाऊन गोळ्या मोजत, मूत्राची तपासणी करीत. हे काम रुक्ष व जिकिरीचे होते. त्याच्यावर कोणी पोवाडा रचला नाही. पण आयसोनियाझिडचे मोल टिकले ते अशा मोजणीने.

कुष्ठाच्या बाबतीत जोडीचे शहाणपण आले ते १९८१ साली. जागतिक आरोग्य संघटनेने डॅप्सोनच्या सोबत रिफॅम्पिसिन व क्लोफाझिमिन देण्याची बहुविध उपचारपद्धती सुचविली आणि आपल्या देशात ज्या जिल्ह्यांत ती आधी अमलात आली त्यांत वर्धा होता. २००५ च्या अखेरीस, दहा हजारांमागे एकाहून कमी रोगी या कसोटीने, सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून कुष्ठरोगाचे निर्मूलन झाल्याचे भारताने घोषित केले. नवे रोगी मात्र अजूनही दरसाल सुमारे एक लाख सापडतात.

या त्रयीतील क्लोफाझिमिनचे चरित्र सर्वांत वळणावळणाचे आहे. ते १९५४ मध्ये डब्लिन येथे व्हिन्सेंट बॅरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी घडविले, क्षयासाठी. दगडफुलातील एका द्रव्यापासून त्यांच्या शोधाला आरंभ झाला होता. उंदरांत औषध उत्तम चालले. गिनीपिग व माकडे यांच्यात फसले. क्षयाचा दरवाजा बंद झाला. १९६२ मध्ये नायजेरियात ते कुष्ठरोग्यांना देऊन पाहिले, आणि तेथे त्याचे भाग्य उघडले. त्याचा एक दोष असा की, मुळात ते रंगद्रव्यच असल्याने रोग्याची कातडी तांबूस-काळसर होते. गोऱ्या रंगाचे आपल्याकडचे वेड लक्षात घेता, त्यापायी किती जणांनी, विशेषतः किती सासुरवाशिणींनी, गोळ्या गुपचूप फेकल्या असतील याची कल्पना करवत नाही. पुढे आयसोनियाझिड व रिफॅम्पिसिन दोन्हींना न जुमानणारा क्षय जगभर पसरला, आणि हे औषध ज्या कामासाठी जन्मले होते त्या कामावर अर्धशतकाने रुजू झाले.

मद्रासचे ते केंद्र आज चेन्नईच्या चेटपेट भागात राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्था या नावाने चालते. तिने अशा हट्टी क्षयाच्या १६५ रोग्यांवर चार औषधांचा, सहा ते नऊ महिन्यांचा उपचार करून पाहिला. बेडाक्विलिन व डेलामॅनिड ही दोन नवी. क्लोफाझिमिन कुष्ठाकडून आलेले. आणि चौथे लिनेझोलिड, २००० साली न्यूमोनिया व त्वचेच्या दाहासाठी मान्य झालेले. दहांपैकी सुमारे नऊ रोग्यांना गुण आला. लिनेझोलिडने कित्येकांच्या हातापायांना मुंग्या आल्या, काहींचे रक्त उतरले. मात्रा किती ठेवावी हा डॅप्सोनच्या वेळचा प्रश्न येथे पुन्हा उभा राहिला.

फळीवरचे प्रत्येक औषध असे कामास येते असेही नाही. २०२० मध्ये कोरोनाच्या साथीत हिवतापावरील हायड्रॉक्सीक्लोरोक्विनसाठी साऱ्या जगाची जी धावपळ झाली ती सर्वांना आठवत असेल; ब्रिटनमधील मोठ्या चाचणीने त्याच वर्षी जूनमध्ये ते निरुपयोगी ठरविले. औषध परिचयाचे आहे, सबब पुरावा नको, हा या मार्गावरील मोठा खड्डा आहे. त्याच वर्षी मॅसॅच्युसेट्स येथील संशोधकांनी संगणकाला जंतुनाशक रेणूंची लक्षणे शिकवून सुमारे सहा हजार ज्ञात पदार्थांच्या संग्रहातून निवड करावयास लावली, तेव्हा त्याने मधुमेहासाठी अभ्यासलेला एक पदार्थ पुढे केला. हॅलिसिन हे त्याचे नाव. उंदरांत तो अत्यंत हट्टी जंतूंवर चालला. रोग्यापर्यंत मात्र तो अद्याप पोहोचलेला नाही. फ्रोम आणि व्हिटमान यांचा पदार्थ एकोणतीस वर्षे फळीवर राहिला होता, तो उद्या कदाचित एका दुपारी सापडेल. त्यानंतरची गोळ्या मोजण्याची यातायात संगणक करील असे मला वाटत नाही.

चेन्नईच्या ऑर्किड या कंपनीतील रसायनशास्त्रज्ञांनी निराळा मार्ग धरला. सेफेपाइम हे १९९० नंतरचे चांगले औषध जंतूंच्या विकरांपुढे दुबळे पडू लागले होते. टॅझोबॅक्टम नावाच्या जुन्याच रक्षक द्रव्याला त्यांनी एका मिथाइल गटाची जोड दिली आणि एन्मेटाझोबॅक्टम तयार केले. त्याच्या आडोशाने सेफेपाइम पुन्हा कामास येऊ लागले. एका युरोपीय कंपनीने पुढील चाचण्या पार पाडल्या आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मूत्रमार्गाच्या गुंतागुंतीच्या दाहासाठी या जोडीस मान्यता दिली. २०१० साली ज्या शहराचे नाव चिंतेने घेतले गेले त्याच शहरातून हे यावे याचा आनंद वाटतो. न्यू डेल्ही नावाच्या त्या विकरापुढे मात्र या जोडीचा भरवसा धरता येत नाही, हेही सांगितले पाहिजे.

ऑगस्ट २०१२ मध्ये देशातील वैद्यक संघटना चेन्नईत एकत्र आल्या व प्रतिजैविकांच्या वापराला शिस्त लावण्याची एक योजना त्यांनी सरकारपुढे ठेवली. तिला ‘चेन्नई घोषणापत्र’ म्हणतात. आदर्श पण अशक्य नियमांपेक्षा थोडे पण पाळता येण्याजोगे नियम करा, असा तिचा सूर होता, आणि एक शासकीय सेवक या नात्याने मला तो फार पटतो. १ मार्च २०१४ पासून औषध नियमांतील ‘एच-वन’ ही अनुसूची अमलात आली. आरंभीच्या यादीत ४६ औषधे होती. ती वर्णानुक्रमाने वाचीत गेले तर या हकीकतीतील जुनी मंडळी एकेक करून भेटतात: सेफेपाइम, क्लोफाझिमिन, आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन, आणि आता कोणाच्या फारसे स्मरणात नसलेले ते पीएएसही. यांच्या वेष्टनावर तांबडी चौकट छापावी, डॉक्टरच्या चिठ्ठीवाचून ती विकू नयेत, आणि विकताना दुकानदाराने निराळ्या वहीत डॉक्टरचे नाव व पत्ता, रोग्याचे नाव, औषध व त्याचे परिमाण लिहून ती वही तीन वर्षे जपून ठेवावी, असा नियम आहे. पुढच्या खेपेस औषध घ्यावयास जाल तेव्हा दुकानदाराकडे ती वही पाहावयास मागा.